चारला दहा कमी

भोंग्याच्या मुलीने पर्समधून चष्मा काढला, ओढणीने पुसला, नाकावर चढवला आणि वडिलांच्या वहीतलं पान वाचायला सुरुवात केली, तेव्हा तो, तिच्या वडिलांचा बोटीवरचा जुना जोडीदार, बिस्किट चहात बुडवून धरत होता. फर्निचरच्या दुकानावरचा हा हॉल दरवर्षी याच दिवशी दुपारी चार तास भाड्याने घेतला जायचा. एकमेकांत अडकवून ठेवलेल्या खुर्च्या सोडवताना दरवर्षी कोणाचं तरी बोट चेमटायचं, आणि मग बोटीवरच्या मंडळींपैकी किती उरले याची मोजणी व्हायची. गेल्या वर्षी तेवीस होते. या वर्षी एकोणीस. गेलेल्यांच्या घरून कोणी आलं असेल तर त्याने दोन शब्द बोलावेत असा शिरस्ता होता, आणि ते दोन शब्द बहुधा सारखेच असत: बोटीवरचे दिवस बाबा कधी विसरले नाहीत, शिस्त घरातही होती, तुम्हा सगळ्यांची फार आठवण काढायचे. ऐकता ऐकता चहा प्यायला हरकत नसे. भोंग्याची मुलगी मात्र वाचत होती. वडिलांचा आवाज धक्क्यावरून डोलकाठीपर्यंत जायचा, म्हणून तर त्याला भोंगा म्हणत. हिचा तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. ‘दुपारची टेहळणीची पाळी होती,’ ती वाचत होती. ‘जेवण जड झालं होतं. दुर्बिणीचा पट्टा मानेला ओला लागत होता. ऊन तिरपं. चारला दहा कमी असताना डावीकडे, मागच्या अंगाला, पाण्यावर पांढरं काहीतरी दिसलं. वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. मला वाटलं पक्षी असेल. मी दुर्बीण डोळ्याला लावली नाही, कारण माझ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं आणि पाळीवर खायला बंदी होती. सफरचंद आचाऱ्यानेच दिलं होतं. ते मी आधी संपवलं. मग पाहिलं तर तिथे काही नव्हतं. संध्याकाळच्या मोजणीत आचारी भरला नाही.’

बिस्किट तुटून कपात पडलं. त्याने चमचा शोधला, चमचा नव्हता, म्हणून बोट घातलं, बोट पोळलं. हे माझं आहे, एवढंच त्याच्या मनात आलं. राग नव्हता, दुःखही नव्हतं. रस्त्याने जाताना परक्या माणसाच्या अंगावर आपला हरवलेला कोट दिसावा, कोपरावरच्या रफूसकट, तसं काहीतरी. पट्टा ओला होता तो माझ्या मानेला. सफरचंद माझ्या हातात होतं. ते मी चघळून, बियांसकट, देठासकट गिळलं होतं आणि देठ घशात टोचला होता. आणि चाळीस वर्षं ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. मग ही बाई ती कागदावरून कशी वाचते आहे?

हॉलमध्ये कोणी तरी खाकरलं. बोटीच्या इंजिनावर काम करायचा म्हणून ज्याला मोटार म्हणत आणि जो हे सगळं जमवून आणायचा, तो उठला आणि म्हणाला, “बाई, वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या पाण्यात एवढंसं पांढरं. कोणालाच कळलं नसतं.” मग त्याने मान वळवली. “काय रे पोथी? तू होतास ना त्याच्या जोडीला? दोन ते चार तो, चार ते सहा तू. तुला दिसलं होतं काही?”

अठरा म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बोटीवर तो खाटेखाली पुस्तकं ठेवायचा म्हणून त्याला पोथी म्हणत, आणि या नावाने हाक आली की आजही त्याचे कान गरम व्हायचे. “आठवत नाही,” तो म्हणाला. त्या वेळी चौकशी करणाऱ्या साहेबालाही तो हेच म्हणाला होता. भोंगाही हेच म्हणाला होता. दोघांचं म्हणणं एकाच कागदावर एकाखाली एक टाइप झालं होतं: काही दिसले नाही.

जिन्यात मुलीने त्याला गाठलं. ती पन्नाशीला आलेली, दोन्ही हातांत पिशव्या, एका पिशवीतून वहीचा कोपरा डोकावत होता. “काका, थांबा ना. मोटारकाका म्हणतात, हे पान आपल्या बोटीच्या आठवणींच्या पुस्तिकेत घालू या. सोमवारी छापायला जातंय. मला कळत नाहीये. बाबा गेल्यावर आईला ही वही सापडली आणि तेव्हापासून आई कोणाशी धड बोलत नाही. छापलं की सगळे वाचणार. बाबांच्या हातून माणूस गेला, हे छापील होणार.” तिने पिशव्या खाली ठेवल्या. “मला फक्त एवढंच सांगा, हे खरंच बाबांच्या पाळीत झालं का? तुम्ही तिथे होतात. दुसरं कोणीच नाही सांगू शकत. बाबांची चूक असेल तर असू दे, मी छापायला देईन. पण त्यांची नसेल आणि उगाच त्यांच्या नावावर छापलं गेलं तर...” ती थांबली. “रविवारी याल घरी?”

तो येतो म्हणाला. नाही म्हणण्याचं त्याला कधी जमलं नव्हतं. आयुष्यातली निम्मी कामं त्याने नाही म्हणता न आल्यामुळे केली होती. त्या पुस्तिकेची मुद्रितं तपासण्याचं कामही मोटारने असंच त्याच्या गळ्यात घातलं होतं, कारण बोट सोडल्यावर एका छापखान्यात तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. म्हणजे हे पान येणार त्याच्याच टेबलावर. त्याच्याच पेन्सिलीखाली.

बसमध्ये त्याला खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. त्याला पाळी बदलण्याची ती पाच मिनिटं दिसत होती. टेहळणीची जागा वर, जिथून बोट हाकतात त्या ब्रिजच्या बाहेर, उघड्यावर होती, आणि चीफचा, म्हणजे बोटीवरच्या मुख्य अधिकाऱ्याचा, एक नियम होता जो दुसऱ्या कुठल्या बोटीवर असल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. येणाऱ्याने जाणाऱ्याच्या शेजारी खांद्याला खांदा लावून पाच मिनिटं उभं राहायचं. जाणाऱ्याने आपल्या दोन तासांत काय काय पाहिलं ते सांगायचं. आणि येणाऱ्याने ते सगळं परत म्हणायचं, पण ‘त्याने पाहिलं’ असं नाही. ‘मी पाहिलं’ असं. मी उजवीकडे मालवाहू बोट पाहिली, एक धुराडं, उत्तरेला जाणारी. मी ओंडका पाहिला. मी ढग पाहिला. “त्याने पाहिलं म्हणालास की ते त्याच्याबरोबर खाली झोपायला जातं,” चीफ म्हणायचा. “मी पाहिलं म्हण, म्हणजे तुझ्या डोळ्यांत राहील.” सुरुवातीला त्याला हसू यायचं. भोंगा तर मुद्दाम थापा मारायचा. “पोथ्या, म्हण: मी एक बाई पोहताना पाहिली, केस मोकळे.” आणि चीफ मागे उभा, तेव्हा तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा: मी एक बाई पोहताना पाहिली. भोंगा जिन्यावरून खाली जाईपर्यंत त्याचं हसणं ऐकू यायचं. पण महिना दोन महिने गेले आणि हसू संपलं. सांगितलेलं खरंच डोळ्यांत राहायला लागलं. भोंग्याने पाहिलेली ती एका धुराड्याची बोट त्याला आपल्या पाळीतही दिसायची, ती कधीच क्षितिजाखाली गेलेली असली तरी. तो तिला शोधायचा आणि ती नाही म्हणून कासावीस व्हायचा. तीन वर्षं. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. चाळीस वर्षांनी आता हे उलगडायचं म्हणजे कालवलेल्या पिठातून पाणी वेगळं काढायचं.

याआधी एकदा हे झालं होतं, आणि तेव्हाच त्याने सावध व्हायला हवं होतं. मुलगा लहान असताना तो त्याला पाण्याच्या खांबाची गोष्ट सांगायचा: समुद्रातून आभाळापर्यंत उभा राहिलेला, सोंडेसारखा हलणारा, राखाडी पाण्याचा खांब, जो त्याने स्वतः पाहिला होता. मुलाला ती इतकी आवडायची की तो जेवताना मागायचा. एकदा बायकोने कपडे घडी घालता घालता विचारलं, हे कुठल्या वर्षी? त्याने महिना सांगितला, वर्ष सांगितलं. ती म्हणाली, “त्या महिन्यात तुम्ही इथे होतात. कावीळ झाली होती. मी पथ्याचं करून करून कंटाळले होते.” तो हसला होता, तीही हसली होती, मुलगा म्हणाला होता, म्हणजे बाबा थापाडे आहेत. पण त्या खांबाचं ओलं थंड वारं त्याच्या तोंडावर लागलं होतं. अजूनही लागतं.

घरी आल्यावर त्याने बूट काढले नाहीत. बायको म्हणाली, “अहो, बुटांसकट आत येऊ नका, आत्ताच पुसलंय.” मग त्याचा चेहरा पाहून म्हणाली, “कोण गेलं?”

“कोणी नाही. म्हणजे भोंगा, पण तो मागेच.”

आणि मग दारातल्या पायपुसण्यावर उभ्या उभ्याच त्याने तिला आचाऱ्याचं सांगितलं. चाळीस वर्षं जे सांगायला तोंड उघडलं नव्हतं, ते तीन मिनिटांत सांगून झालं याचंच त्याला आश्चर्य वाटलं. आचारी सालं टाकायला मागच्या टोकाला गेला असावा आणि तिथून पाण्यात पडला असावा. बोट वळवली, अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, “म्हणून तुम्ही आपण कुठेही गेलो की माणसं मोजता.” त्याने मान हलवली. लग्नाला, दवाखान्यात, बागेत, तो घरच्यांची डोकी मोजायचा, पुन्हा पुन्हा, आणि सगळे तिला चिडवायचे की तुझा नवरा बसमधला कंडक्टर आहे.

“पण आता तर त्यांनीच लिहून ठेवलंय की त्यांच्या पाळीत झालं म्हणून,” ती म्हणाली. “म्हणजे तुम्ही सुटलात की.”

“सुटलो?”

“मग काय? दुसऱ्याचं ओझं एवढी वर्षं वाहिलंत. तुमचा स्वभावच तसला. काम कोणाचं का असेना, हात तुमचा पुढे.”

त्याने बूट काढले. सुटलो, हा शब्द त्याने मनात दोनदा म्हणून पाहिला. एखाद्याचं दुखणारं बोट कापून टाकल्यावर त्याने रिकाम्या जागेकडे पाहावं तसं. हे काढून घेतलं तर मागे राहतं काय? छापखान्यात काना मात्रा सुटू नये म्हणून तो तीनतीनदा वाचायचा, मालक म्हणायचा, अरे बाबा, जाहिरात आहे ही, शिलालेख नाही. ते कशासाठी होतं? समुद्रकिनारी तो एकदाही गेला नाही, मुलगा रडला तरी. रस्त्यावर वाऱ्याने उडणारी पांढरी पिशवी दिसली तर ती पिशवीच आहे याची खात्री होईपर्यंत तो हलायचा नाही, आणि मागची माणसं शिव्या द्यायची. एवढा सगळा माणूस त्या एका पांढऱ्या ठिपक्यावर उभा केलेला. आणि ठिपका दुसऱ्याचा निघाला तर? त्याला स्वतःचीच लाज वाटली. सुटका दारात उभी आहे आणि आपण तिला आत घ्यायला कुरकुर करतो आहोत. आपण अपराधालाही जडून बसलो आहोत, म्हातारा जुन्या खुर्चीला जडतो तसे.

पुढचे तीन दिवस त्याने तपासण्यात घालवले. त्याला दुसरं काही येत नव्हतं. मोटारने पाठवलेलं पान टेबलावर डावीकडे ठेवलं आणि उजवीकडे कोऱ्या कागदावर आपल्याला आठवतं ते लिहिलं. दोन प्रती समोरासमोर ठेवून ओळीला ओळ लावून वाचायचं, ही त्याची तीस वर्षांची सवय. पट्टा, दोन्हीकडे. जड जेवण, दोन्हीकडे. सफरचंद, दोन्हीकडे. फरक दोनच निघाले. भोंग्याने लिहिलं होतं पक्षी. त्याला आठवत होतं की आपल्याला वाटलं फेस असेल. आणि भोंग्याने लिहिलं होतं चारला दहा कमी. त्याला आठवत होती घंटा. चारची घंटा नुकतीच वाजून गेलेली, तिचा कंप अजून कठड्यात. म्हणजे चारनंतर. म्हणजे आपण. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची भीती वाटली. पण छापखान्यात अशा वेळी मूळ प्रत मागवायची असते. दोन मुद्रितं एकमेकांशी जुळली काय, न जुळली काय, मूळ प्रत पाहिल्याशिवाय खूण करायची नाही. इथे मूळ प्रत कुठली? चौकशीचा कागद? त्यावर तर काही दिसले नाही.

मग शनिवारी, दाढी करताना, त्याला तिसरीच गोष्ट दिसली. भोंगा शेजारी उभा आहे, खांद्याला खांदा. तोंडाला सफरचंदाचा वास. तो सांगतो आहे: डावीकडे मागच्या अंगाला एक पक्षी, पांढरा, पाण्यावर बसलेला. आणि आपण म्हणतो आहोत: मी डावीकडे मागच्या अंगाला एक पक्षी पाहिला, पांढरा, पाण्यावर बसलेला. आणि आपण तिकडे पाहतही नाही. पाहिलं म्हणतो आणि पाहत नाही. वस्तरा गालावर थांबला. हे झालं होतं का? की त्याने आता वाक्य जुळवलं आणि जुळवल्याबरोबर ते डोळ्यांत शिरलं, चीफने शिकवल्यासारखं? त्याने डोळे मिटले. पक्षी दिसला. फेस दिसला. आचाऱ्याचा पांढरा कोट दिसला, पाण्याने फुगलेला. जे म्हणावं ते दिसत होतं. डोळे उघडले तर आरशात अर्ध्या साबणाचा म्हातारा, आणि तोही कोणी दुसऱ्याने सांगितलेला असावा असा.

“किती वेळ?” बायकोने दारावर टकटक केलं. “आत बोलताय कोणाशी?”

“पाठ करतोय,” तो म्हणाला. काय ते त्यालाही कळलं नाही.

रविवारी दुपारी तो भोंग्याच्या घरी गेला. चौथा मजला, लिफ्ट बंद. प्रत्येक मजल्यावर थांबताना त्याने काय बोलायचं ते ठरवलं आणि पुढच्या मजल्यावर बदललं. पहिल्यावर: मला आठवत नाही. हे खरं होतं, पण त्या मुलीला याचा काय उपयोग? दुसऱ्यावर: वहीत लिहिलंय तेच खरं. हे सोपं होतं, आणि मेलेला माणूस उलट बोलत नाही. तिसऱ्यावर: मी होतो. हे त्याने रोज स्वतःला सांगितलं होतं; एकदा दुसऱ्याला सांगायचं. एक बाई चांगली झोपेल, दुसरी बोलायला लागेल. आणि आपलं काय जातं? आपण तर हे धरूनच आहोत.

भोंग्याची बायको खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. कानात यंत्र, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट. त्याला पाहून तिने मान हलवली आणि सोलणं चालू ठेवलं. एवढ्या वर्षांत तो तिला दोनदा भेटला होता. “वहिनी, बरं आहे ना?” तो म्हणाला. तिने यंत्राकडे बोट दाखवून हाताने ‘मोठ्याने’ अशी खूण केली. मुलीने पाणी आणलं, वही आणली, पेन्सिल आणली आणि समोर बसली.

“मी होतो,” तो म्हणाला. “तुझ्या बाबांच्या पाळीत नाही झालं ते. चार वाजून गेले होते. माझ्या पाळीत झालं.”

बोलून झालं आणि त्याच क्षणी त्याला वाटलं की आपण खोटं बोललो. चाळीस वर्षं मनात जे दगडासारखं खरं होतं ते खोलीतल्या हवेत आल्याबरोबर थाप वाटलं, पोहणाऱ्या बाईसारखी. त्याचे कान गरम झाले. त्याला वाटलं मुलीला आता हुश्श होईल, ती डोळे पुसेल, काका म्हणेल. मुलीचा चेहरा हळूहळू लाल झाला.

“तुम्ही होतात,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला हे माहीत होतं.”

“हो.”

“बाबा शेवटची दोन वर्षं तोंड धुवायला बेसिनशी उभे राहायचे नाहीत. टबात पाणी साचलं की हाका मारायचे. आम्ही डॉक्टर केले, औषधं केली. आणि तुम्ही याच शहरात, दोन बस सोडून. दर वर्षी तिथे चहा पिताय त्यांच्या शेजारी. एकदा तरी म्हणायचं होतंत, अरे, तू नव्हतास, मी होतो. एकदा. फोनवर म्हणायचं होतंत!”

हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. तीन मजल्यांवर त्याने तीन उत्तरं तयार केली होती, पण आपण बोललो असतो तर भोंगा सुटला असता, हे एकाही मजल्यावर सुचलं नव्हतं. भोंग्यालाही काही वाटत असेल, हेच मुळी त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. रागावली आहे ते बरोबरच आहे, पण कोणावर? मी नसेन तर? मी नसेन तर हिच्या शिव्या मी कोणाच्या वतीने खातो आहे? त्याला म्हणावंसं वाटलं, थांब, मला नक्की माहीत नाही. पण आता तसं म्हणणं म्हणजे पळ काढणं दिसलं असतं.

“काय म्हणाले गं ते?” वहिनींनी खिडकीजवळून विचारलं.

मुलगी ओरडली, “म्हणतात, मी होतो! बाबा नव्हते!”

वहिनींनी एक शेंग फोडली, दाणे ताटात पाडले. “म्हणणारच,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“हे म्हणायचे ना. शेवटी शेवटी रोज. पोथी येईल, म्हणेल मी होतो. त्याचं ऐकू नका. त्याला माझं सगळं पाठ आहे.” त्यांचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसांचा असतो तसा, सपाट आणि मोठा होता. “तुम्ही बोटीवरच सांगितलं होतंत म्हणे यांना. नंतर दोन दिवसांनी. मागच्या टोकाला बसून रडलात आणि म्हणालात, भोंग्या, मी पाहिलं रे, मी बोललो नाही. यांना बोलायला हवं होतं की अरे, तू नाही, मी पाहिलं, तू नुसतं माझ्यामागून म्हणालास. पण हे गप्प बसले. सुटल्यासारखं वाटलं, म्हणाले. दुसऱ्याने उचललं, तर उचलू दे.” त्यांनी पुढची शेंग घेतली. “आचाऱ्यापेक्षा यांना तेच जास्त खायचं. वहीत तेवढं लिहिलं नाही.”

मुलगी हळूच खुर्चीत मागे टेकली. त्याने आठवायचा प्रयत्न केला. मागचं टोक, आपण रडतो आहोत, भोंगा गप्प. काहीच दिसलं नाही. पाण्याचा खांब दिसत होता, पोहणारी बाई दिसत होती, जे आपण कधी पाहिलं नाही ते सगळं जागच्या जागी होतं. आणि हे एवढं, जे खरंच आपलं होतं, आपलं रडणं, ते भोंगा घेऊन गेला होता आणि या बाईच्या ताटाशेजारी ठेवून गेला होता. की भोंग्यानेही ते जुळवलं होतं? दोन वर्षं बेसिनकडे न पाहणाऱ्या माणसाला काय काय दिसलं असेल? वहिनी सांगतात म्हणून खरं, वहिनींना भोंग्याने सांगितलं म्हणून खरं. त्याला एकदम भोंग्याचा राग आला, तरुणपणीसारखा, आणि मागोमाग त्याला भेटायची इतकी इच्छा झाली की त्याने दरवाजाकडे पाहिलं.

“आणखी काय म्हणायचा?” त्याने विचारलं. मग आठवून मोठ्याने विचारलं.

“तुम्ही चांगले होतात म्हणायचे. भित्रे, पण चांगले.”

मुलगी हसली की हुंदका दिला ते कळलं नाही. ती म्हणाली, “मग आता मी काय करू? छापू की नको?”

“छापा,” तो म्हणाला. “त्याच्या नावाने, आहे तसं. आणि त्याच्यापुढच्या पानावर माझं छापा. मी लिहून आणलंय.” त्याने खिशातून घडी काढली. “तेच आहे. घंटेचा आणि पक्ष्याचा तेवढा फरक आहे.”

तिने दोन्ही पानं शेजारी धरून वाचली. वाचताना तिचे ओठ हलत होते. “लोकांना वाटेल एकच पान दोनदा छापलं गेलं. छापखानावाला एक काढूनच टाकेल.”

“नाही काढणार. तपासायला माझ्याकडेच येतंय. मी बाजूला लिहीन, चूक नाही, दोन्ही ठेवावी.”

“पण मग झालं कोणाच्या पाळीत?”

त्याने समोरचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिने पानं मांडीवर सारखी केली, आणि तिच्या खांद्यांतला ताण थोडा उतरलेला त्याला दिसला, किंवा उतरावा असं त्याला वाटत होतं म्हणून दिसला. तो उठला. गुडघे वाजले. वहिनींना नमस्कार केला. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं, खिडकीच्या उजेडात डोळे बारीक करून.

“एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “त्या आचाऱ्याचं नाव काय हो? हे शेवटपर्यंत आठवत बसायचे. म्हणायचे, पोथीला विचारलं पाहिजे, त्याला नक्की माहीत असेल.”

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. आचाऱ्याच्या डाव्या अंगठ्यावर आडवा व्रण होता. बटाटे सोलताना तो शीळ घालायचा, आणि चीफ दिसला की शीळ गिळायचा. टेहळणीला वर जाणाऱ्याच्या खिशात तो न बोलता काहीतरी कोंबायचा, पाव, गाजर, सफरचंद. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. कोटाचं दुसरं बटण काळं, कारण पांढरं मिळालं नव्हतं. सगळं होतं, नाव सोडून. त्याने दोन्ही पानं मनातल्या मनात पुन्हा वाचली, काना मात्रा न सोडता, पहिल्या ओळीपासून. दोन्हीकडे नुसतं ‘आचारी’ होतं. तीस वर्षं दुसऱ्यांचं गाळलेलं अक्षर शोधून काढणाऱ्या त्याच्या नजरेला हे तीन दिवसांत दिसलं नव्हतं.

“सांगा ना, काका,” मुलगी म्हणाली. तिने पहिलं पान वहीवर ठेवलं होतं, ‘आचारी’ शब्दाच्या अलीकडे थोडी जागा होती तिथे पेन्सिल टेकवली होती, आणि ती वाट पाहत होती.